शोकाच्या काळात पाळीव प्राणी आधार देतात म्हणजे नेमके काय करतात

घरातले माणूस गेल्यानंतर पहिल्या काही दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. नंतर ती ओसरते आणि घर खायला उठते. अशा घरात कुत्रा असेल, तर सकाळी ठरलेल्या वेळी तो उठतो, दारापाशी जाऊन बसतो, खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहतो आणि मग अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेल्या माणसाच्या हाताला नाक लावतो. त्या गार, ओलसर स्पर्शात सांत्वनाचा हेतू असेलच असे नाही. त्याला बाहेर जायचे आहे, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. पण ज्या माणसाला आदल्या दिवशी केस विंचरण्याचेही त्राण नव्हते, ते माणूस उठते, पायात चपला सरकवते, पट्टा काढते आणि पाच मिनिटांसाठी का होईना, उजेडात जाते. पाळीव प्राणी दुःखात धीर देतात असे आपण सहज म्हणतो. तो धीर कशाचा बनलेला असतो हे समजून घ्यायचे, तर सुरुवात या पाच मिनिटांपासून करावी असे मला वाटते.

शोक हा आजार नव्हे. जवळचे माणूस गेल्यावर मन आणि शरीर त्या रिकाम्या जागेशी जुळवून घेण्याची जी लांबलचक धडपड करतात, तिला आपण शोक म्हणतो. या धडपडीच्या ठरावीक पायऱ्या असतात आणि माणूस त्या एकामागून एक चढत जातो, असा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र अनुभवाशी अधिक जुळते. त्यांच्या मते शोकग्रस्त माणूस दोन काठांमध्ये हेलकावे खात असतो. एका काठावर गेलेल्या माणसाची ओढ, आठवणी आणि रडणे असते. दुसऱ्या काठावर बिले भरणे, स्वयंपाक करणे, आजवर दुसऱ्याने केलेली कामे शिकून घेणे, म्हणजेच त्या माणसावाचून जगण्याची तयारी असते. एकाच काठाला कायमचे चिकटून राहणे त्रासाचे ठरते. हेलकावे चालू राहणे हे सावरत असल्याचे लक्षण मानले जाते.

पाळीव प्राण्याचे वैशिष्ट्य असे की तो या दोन्ही काठांवर सोबत असतो. गेलेल्या माणसाच्या खुर्चीत जाऊन झोपणारे मांजर त्या माणसाच्या रोजच्या सवयींचे साक्षीदार असते. ते कोणाच्या हाकेला धावत यायचे, कोणाच्या ताटाजवळ घुटमळायचे, रात्री कोणाच्या पायाशी झोपायचे, हे आठवताना माणूस हसतो आणि त्याच हसण्यात रडूही येते. तासाभराने त्याच मांजराला भूक लागते आणि ते पायांत घोटाळू लागते. मग उठून त्याची वाटी भरावीच लागते, पाणी बदलावे लागते, मातीचा ट्रे साफ करावा लागतो. ही कामे इतकी लहान असतात की मोडून पडलेल्या माणसालाही ती झेपतात, आणि इतकी निकडीची असतात की उद्यावर ढकलता येत नाहीत. वियोगानंतर वेळेचे भान सुटते. दिवस आणि रात्र एकसारखी वाटू लागतात. अशा वेळी मुक्या जनावराच्या भुकेचे वेळापत्रक त्या घरातले एकमेव चालू घड्याळ ठरू शकते. ‘माझ्यावाचून कुणाचे तरी अडते आहे’ ही जाणीव एकट्या राहिलेल्या माणसाला किती मोठा आधार देते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. सांत्वनाला आलेल्या माणसाला काहीतरी बोलावे लागते, आणि बोलण्यासारखे काही नसल्यामुळे तो पुष्कळदा नको ते बोलून जातो. ऐकणाऱ्यालाही मग मान हलवावी लागते, डोळे पुसावे लागतात, आलेल्याच्या अवघडलेपणाची काळजी घ्यावी लागते. कुत्र्यासमोर यातले काहीच करावे लागत नाही. एकच आठवण दहाव्यांदा सांगितली तरी तो कंटाळत नाही, आणि ‘आता पुरे झाले, सावर स्वतःला’ असे कधी म्हणत नाही. अमेरिकेतील संशोधक कॅरन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २४० विवाहित जोडप्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो शोकाविषयी नव्हता, पण इथे उपयोगी पडतो. लोकांना तोंडी गणिते करायला सांगितली असता पाळीव प्राणी जवळ असताना त्यांच्या नाडीचे ठोके आणि रक्तदाब कमी वाढले. जोडीदार जवळ असताना तसा दिलासा मिळाला नाही. जोडीदाराचे प्रेम कमी होते असा याचा अर्थ नाही. जोडीदार आपल्याकडे पाहतो तेव्हा आपण कसे दिसत आहोत याचा विचार आपल्या मनात आपोआप येतो. प्राण्यासमोर तो येत नाही. दुःखात कोलमडलेल्या माणसाला असा कसलाही न्याय न करणारा सहवास हवा असतो.

मग प्राण्याला आपले दुःख कळते की नाही? लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील डेबोरा कस्टन्स आणि जेनिफर मेयर यांनी २०१२ मध्ये १८ पाळीव कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याच्या घरी त्याचा मालक आणि एक अनोळखी व्यक्ती आळीपाळीने कधी बोलत, कधी विचित्र सुरात गुणगुणत, तर कधी रडण्याचा आव आणत. गुणगुणणे मुद्दाम ठेवले होते, कारण कुत्रा नुसत्या कुतूहलाने जवळ येत असेल तर तो त्यालाही यायला हवा होता. बहुतेक कुत्री रडणाऱ्याकडेच गेली. अनोळखी व्यक्ती रडत असताना ती धीरासाठी स्वतःच्या मालकाकडे धावली नाहीत, त्या अनोळखी व्यक्तीकडेच गेली, आणि तीही अंग चोरून, हळुवारपणे. संशोधकांनी मात्र यावरून कुत्र्याला माणसासारखी सहानुभूती असते असा निष्कर्ष काढला नाही. रडणाऱ्या माणसाजवळ गेले की तो कुरवाळतो, हे कुत्रा आयुष्यभरात शिकलेला असू शकतो. माझ्या मते शोकात असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा नाही. मृत्यू म्हणजे काय हे कुत्र्याला उमगत नसेल, पण आवाजातला बदल, मंदावलेली चाल आणि अंथरुणात घालवलेली दुपार त्याच्या लक्षात येते आणि तो जवळ येऊन बसतो.

या जवळ बसण्याचा शरीरावर होणारा परिणाम काही प्रमाणात मोजता येतो. शोक केवळ मनात राहत नाही. झोप उडते, घास घशाखाली उतरत नाही, ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढे राहू शकते, आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यांत हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४९ विद्यार्थ्यांचे गट पाडण्यात आले. एका गटाने दहा मिनिटे कुत्र्या-मांजरांना कुरवाळले, दुसऱ्याने इतरांना तसे करताना रांगेत उभे राहून पाहिले, तिसऱ्याने त्याच प्राण्यांची चित्रे पाहिली आणि चौथा गट नुसता वाट पाहत बसला. लाळेतील कॉर्टिसॉल प्रत्यक्ष हात लावणाऱ्या गटात सर्वांत कमी आढळले. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जितका जास्त वेळ पाहतात, तितके दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढते. आई आणि तान्ह्या बाळातली माया घट्ट करण्यात ज्याचा वाटा असतो, तेच हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असा परिणाम दिसला नाही.

ज्यांच्या घरी प्राणी नाही, किंवा जे रुग्णालयात आहेत, वृद्धाश्रमात आहेत, त्यांच्यापर्यंत हा सहवास पोहोचवण्याची कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचे आश्रयगृह उघडले. तिथल्या अंगणांत ससे आणि कोंबड्या मोकळ्या फिरत, आणि त्यांच्या सहवासाने रुग्णांच्या मनात कोमल भावना जाग्या होतात, असे तिथल्या लोकांच्या लक्षात आले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही शुश्रूषेवरील आपल्या लेखनात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती असतो, असे नोंदवून ठेवले आहे. उपचारपद्धती म्हणून याचा विचार सुरू झाला तो अमेरिकन बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्यामुळे. कुणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता. कुत्रा धावत जाऊन मुलाला चाटू लागला आणि मुलाने त्याला कुरवाळायला सुरुवात केली. लेव्हिन्सन यांनी त्यांना वेगळे केले नाही. १९६१ मध्ये त्यांनी हा अनुभव अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला, तेव्हा काहींनी त्यांची थट्टाही केली.

इथे शब्दांचा एक घोळ निस्तरायला हवा, कारण बातम्यांत सगळ्याच कामांना ‘थेरपी डॉग’ हे एकच नाव दिले जाते. प्रशिक्षित स्वयंसेवक आपल्या कुत्र्याला घेऊन रुग्णांना भेटायला जातो, ती झाली भेट. तिचा उद्देश दिलासा देणे इतकाच असतो. समुपदेशक किंवा फिजिओथेरपिस्ट ठरावीक उद्दिष्टासाठी, नोंदी ठेवून, आपल्या सत्रात प्राण्याला सामील करून घेतो, तेव्हा तो प्राण्याच्या साहाय्याने केलेला उपचार होतो. अंध किंवा अपंग माणसासोबत कायम राहून त्याची कामे करणारा मदतनीस कुत्रा या दोन्हींहून वेगळा. तो एकाच माणसाचा असतो आणि त्याचे प्रशिक्षण फार मोठे असते.

रुग्णालयातली भेट जवळून पाहिली की त्यामागची काळजी लक्षात येते. सोबती, म्हणजे कुत्र्याला घेऊन आलेला स्वयंसेवक, खोलीच्या दारातच थांबतो आणि आत आलेले चालेल का, असे विचारतो. नकार आला तर दोघेही हसतमुखाने पुढे जातात. दिवसभर सुया टोचून घेणाऱ्या रुग्णाला ‘नको’ म्हणण्याची संधी तशी कमीच मिळते, त्यामुळे हा नकारही मोलाचा असतो. होकार आला तर रुग्णाचे हात निर्जंतुक द्रवाने स्वच्छ केले जातात, पलंगावर वेगळी चादर अंथरली जाते आणि सलाइनची नळी नसलेल्या बाजूने कुत्र्याला वर घेतले जाते. तो पडून राहतो. रुग्णाची बोटे आधी बिचकत पाठीवरून फिरतात, मग कानामागच्या मऊ जागेशी येऊन थांबतात. थोडा वेळ कुणीच बोलत नाही. नंतर बहुतेक वेळा पहिले वाक्य एकाच अर्थाचे येते: ‘आमच्याकडेही एक होता.’ त्या जुन्या कुत्र्याच्या मागोमाग त्या काळचे घर येते, त्या घरातली माणसे येतात, आणि त्यांतले कोण आता नाही तेही येते. सोबती ऐकत राहतो. या सगळ्या वेळात त्याचा एक हात कुत्र्याच्या अंगावर आणि डोळे कुत्र्याच्या तोंडाकडे असतात. कारण पुन्हा पुन्हा जांभया देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे ही कुत्रा थकल्याची किंवा घाबरल्याची लक्षणे असतात आणि ती दिसली की भेट तिथेच संपवायची असते.

रुग्णालयातील संसर्गावर काम करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कुत्रा किमान एक वर्षाचा असावा, भेटीच्या आधीच्या २४ तासांत त्याला अंघोळ घातलेली असावी, त्याला कच्चे मांस खायला दिले जात नसावे आणि एका फेरीत त्याने तासाभरापेक्षा जास्त काम करू नये, असे त्यांत सांगितले आहे. एवढ्या थोड्या वेळात काय साधणार, अशी शंका येणे साहजिक आहे. लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठ रुग्णालयात हृदयाचे कार्य मंदावलेल्या ७६ रुग्णांवर झालेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या शंकेला उत्तर देतो. काहींना स्वयंसेवक आणि कुत्रा, काहींना एकटा स्वयंसेवक भेटला आणि काहींना कुणीच भेटले नाही. भेट केवळ १२ मिनिटांची होती. कुत्रा भेटलेल्या रुग्णांची चिंता अधिक उतरली आणि हृदयावरचा ताण दाखवणारी काही मोजमापेही सुधारली. वृद्धाश्रमांतल्या एका अभ्यासात, २००५ मध्ये, मारियन आणि विल्यम बँक्स यांना असे आढळले की कुत्रा एकट्याला भेटतो तेव्हा एकटेपणा अधिक कमी होतो, गटात भेटतो तेव्हा तितका होत नाही. म्हणजे परिणाम केवळ चार माणसे जमल्याचा नसतो. स्वतः त्या कुत्र्याचाही असतो.

आई किंवा वडील गमावलेल्या मुलांच्या बाबतीत मला ही पद्धत सर्वांत मोलाची वाटते. मोठी माणसे समोर बसून ‘तुला बाबांची आठवण येते का?’ असे विचारतात, तेव्हा मूल जमिनीकडे पाहते आणि ‘नाही’ म्हणते, कारण ‘हो’ म्हटले तर आई रडेल हे त्याला ठाऊक असते. अनुभवी समुपदेशक असा प्रश्न विचारत नाही. तो मुलाच्या हातात ब्रश देतो आणि कुत्र्याच्या पाठीवरचे केस विंचरायला सांगतो. हात चालू असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि मग तो सहज विचारतो, ‘याचे आवडते माणूस बरेच दिवस दिसले नाही, तर याला काय वाटत असेल?’ मूल कुत्र्याविषयी बोलू लागते. त्याला राग येत असेल, म्हणते. तो रात्री जागा राहत असेल, म्हणते. त्याला वाटत असेल की आपणच काहीतरी चुकलो म्हणून ते गेले. हे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठी समुपदेशकाने कदाचित कित्येक आठवडे वाट पाहिलेली असते. आवडते माणूस जाण्यात कुत्र्याची काही चूक नव्हती, हे मुलाला तिथल्या तिथे, कुत्र्याच्या निमित्ताने समजावता येते.

असे असले तरी या साऱ्याची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभरानंतरची नोंद प्रसिद्ध केली. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ दगावले होते, तर न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११. हे आकडे तेव्हापासून उद्धृत होत आले आहेत, पण नंतरच्या सगळ्याच अभ्यासांनी त्यांना दुजोरा दिलेला नाही. शिवाय प्राणी पाळणारी माणसे मुळातच अधिक चालती-फिरती असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोक विकार’ अशी स्वतंत्र नोंद आहे. वियोगानंतर सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना टिकून राहिली, ती त्या समाजाच्या रूढ शोककाळाच्याही फार पलीकडे गेली आणि रोजचे जगणे ठप्प झाले, तर प्राण्याचा सहवास पुरत नाही, तिथे तज्ज्ञाची मदत घ्यावी लागते. जगणे नको वाटू लागले असेल, तर सहा महिने थांबूच नये.

आणखी एक सावधगिरी म्हणजे, कुणी शोकात आहे म्हणून त्याला न विचारता कुत्र्याचे पिल्लू भेट देऊ नये. पिल्लू रात्री रडते, घरभर घाण करते, त्याला महिनोन्‌महिने शिकवावे लागते. ज्याला स्वतःचे ताट वाढून घेणे जमत नाही, त्याच्यावर हा भार टाकणे योग्य नाही. आधीपासून असलेल्या प्राण्याचा लळा आणि नव्या प्राण्याची जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. मदत करायचीच असेल, तर घरात असलेल्या कुत्र्याला संध्याकाळी फिरवून आणण्याचे काम शेजाऱ्याने आठवडाभर उचलावे. ज्यांना प्राण्यांच्या केसांचे वावडे आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, त्यांच्यासाठी जपानमध्ये सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पिलासारखा दिसणारा, कुरवाळले की हालचाल करणारा ‘पारो’ नावाचा यंत्रप्राणी तयार झाला, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या सेवेत तो अनेक देशांत वापरला जातो.

प्राण्यालाही त्या माणसाची अनुपस्थिती जाणवते, हे गडबडीत विसरले जाते. तो खाणे कमी करतो, दाराकडे पाहत बसतो, घरभर हुंगत फिरतो किंवा एकाच माणसाला चिकटून राहतो. त्याच्या खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळा शक्यतो बदलू नयेत, आणि गेलेल्या माणसाचा वास असलेले एखादे पांघरूण काही दिवस त्याच्यापाशी राहू द्यावे. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर ‘त्यालाही दुःख झाले आहे’ असे म्हणून थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, म्हणून त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

आणि एक दिवस तो प्राणीही जातो. गेलेल्या माणसाने पाळलेला, त्याच्या हाकेला ओ देणारा तो घरातला अखेरचा जीव असेल, तर हे दुःख दुहेरी असते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये, समाज ज्याला मान्यता देत नाही अशा शोकाला स्वतंत्र नाव दिले. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचा शोक त्यातलाच. त्यासाठी रजा मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही, आणि ‘दुसरा आणा’ हा सल्ला मात्र पहिल्याच दिवशी मिळतो. ओळखीच्या कुणाचे कुत्रे किंवा मांजर गेल्याचे कळले, तर हा सल्ला देऊ नये. त्याचे नाव विचारावे, ते घरात कोणी आणले होते ते विचारावे, आणि उत्तर लांबले तरी ते पूर्ण होईपर्यंत बसून राहावे.